परसातली वाय-फाय चूल : स्वस्त पेलेट ग्रिल कसे पारखावे?

मे महिन्याचा शेवटचा सोमवार आला, की अमेरिकेतल्या घरांच्या परसात धूर दिसू लागतो. ‘मेमोरियल डे’च्या या सुट्टीपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या ‘लेबर डे’पर्यंतचा काळ हा तिकडे उघड्यावर मांस भाजण्याचा हंगाम समजला जातो आणि ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन हा त्यातला मोठा सण. पूर्वी या धुराजवळ चिमटा घेतलेला, डोळे चोळणारा यजमान हमखास उभा असे. आता अनेक घरांत तो तिथे नसतो. तो आत पाहुण्यांबरोबर गप्पा मारत असतो आणि मधूनच मोबाइलवर चुलीचे तापमान पाहत असतो. ही किमया पेलेट ग्रिल या यंत्राची.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया अशा राज्यांत स्थिरावलेल्या मराठी घरांच्या परसातही हे यंत्र आता येऊ लागले आहे. उन्हाळ्यात मुलांकडे सहा महिने राहून आलेल्या आईवडिलांनी ते पाहिलेले असते, क्वचित त्यावरचे पनीरही खाल्लेले असते. प्रश्न येतो तो किमतीचा. नावाजलेली मोठी यंत्रे हजार डॉलरपासून सुरू होऊन दोन-तीन हजारांपर्यंत जातात. पण साधारण पाचशे ते नऊशे डॉलरच्या टप्प्यातही वाय-फाय असलेली ग्रिल मिळतात आणि बहुतेक संसारी माणसांची नजर याच टप्प्यावर असते. जाहिरातीत सर्वात ठळक अक्षरे वाय-फायचीच असतात. वस्तुतः वाय-फायची चकती हा या यंत्रातला अत्यंत स्वस्त भाग आहे. तिच्यासाठी उत्पादकाला दोन-चार डॉलरच मोजावे लागतात. पैसा जातो तो लोखंडात, मोटारीत आणि आच सांभाळणाऱ्या नियंत्रकात, आणि स्वस्त यंत्रात काटकसर होते तीही तिथेच. त्यामुळे ग्रिल पारखायचे तर मोबाइल बाजूला ठेवून आधी झाकण उघडावे, हे बरे.

भाजणे आणि धुरावणे

आपण ‘भाजणे’ या एकाच शब्दात पुष्कळ क्रिया बसवतो. भरताचे वांगे जाळावर धरतो तेही भाजणे आणि हुरड्याची कणसे गोवऱ्यांच्या आरात खुपसतो तेही भाजणेच. अमेरिकी माणूस मात्र यात काटेकोर भेद करतो. थेट ज्वालेवर, कडक आचेवर, काही मिनिटांत उरकायचे ते ‘ग्रिलिंग’. मंद आचेवर, ज्वालेपासून दूर, लाकडाच्या धुरात तासन्‌तास ठेवायचे ते ‘स्मोकिंग’. आपल्या धुंगाराशी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण धुंगार हा शेवटच्या पाच मिनिटांचा धूर आहे. टेक्सासमधला धूर रात्रभराचा असतो.

या रात्रभराच्या धुराला कारण आहे. टेक्सासची प्रसिद्ध ‘ब्रिस्केट’ म्हणजे गाईबैलाच्या छातीचे मांस. ते चिवट असते, कारण त्यात कोलॅजन नावाच्या तंतूंचे जाळे असते. चुलीत सुमारे १०७ अंश सेल्सिअस (२२५ अंश फॅरेनहाइट) इतकी मंद आच दहा-बारा तास टिकवली, की हे तंतू विरघळून त्यांचे जिलेटिन बनते आणि तोच चिवट तुकडा बोटांनी तुटू लागतो. मांसाच्या आतले तापमान ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, की तो झाला असे समजतात. कॅरोलिनांमध्ये हाच संस्कार डुकराच्या खांद्यावर केला जातो. पुष्कळ मराठी घरांत यातले काहीच चालत नाही. तिथे कोंबडी, बोकडाची किंवा मेंढ्याची तंगडी, सामन मासा, मक्याची कणसे आणि पनीर यांच्यावर भागते. कोंबडी दोन-तीन तासांत होते, पनीर तर अर्ध्या तासात. म्हणजे रात्रभर आच सांभाळण्याची गरज अनेकांना मुळात नसतेच. आपण काय शिजवणार, हे ग्रिल घेण्याआधी ठरवले तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

मोठा तुकडा शिजवताना नवख्या माणसाची एका टप्प्यावर हटकून गाळण उडते. मांसाचे तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान येऊन थांबते आणि दोन-दोन, तीन-तीन तास हलत नाही. पृष्ठभागावरच्या ओलाव्याची वाफ होताना मांस थंड होत राहते, घाम वाळताना आपले अंग थंड होते तसेच. यंत्र बिघडले असे समजून लोक आच वाढवतात किंवा मोबाइलवर विक्रेत्याला दोष देत बसतात. यंत्र ठीकच असते. धीर धरावा, किंवा मांस जाड कागदात गुंडाळून पुन्हा आत ठेवावे.

मळसूत्र, पंखा आणि निखाऱ्यांची वाटी

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली घट्ट करून केलेली सुमारे सहा मिलिमीटर जाडीची कांडी. तीत गोंद लागत नाही. दाबाने आणि उष्णतेने लाकडातलेच लिग्निन मऊ होते आणि भुसा एकमेकांना चिकटतो. अशा कांड्यांवर अन्न शिजवणारे ग्रिल ओरेगन राज्यातल्या माउंट एंजल या लहानशा गावात जो ट्रेगर यांनी १९८०च्या दशकात तयार केले. त्याचे पेटंट १९८६चे. ते संपेपर्यंत, म्हणजे २००६पर्यंत, या धंद्यात ट्रेगर हे एकच नाव होते. पेटंट सरल्यावर पिट बॉस, कॅम्प शेफ, ग्रीन माउंटन, झी ग्रिल्स अशी नावे पुढे आली आणि किमती उतरल्या. आज पाचशे डॉलरच्या यंत्राचा विचार करता येतो तो यामुळेच.

रचना मोठी साधी आहे. एका बाजूला कांड्यांची पेटी. तिच्या तळाशी मळसूत्र. ते मोटारीने फिरते आणि कांड्या हळूहळू पुढे ढकलत मधल्या एका लोखंडी वाटीत पाडते. वाटीत विजेवर तापणारी सळई असते. ती पहिल्या काही मिनिटांत कांड्या पेटवते आणि मग बंद होते. पंखा वाटीला वारा घालतो आणि गरम हवा व धूर सगळ्या पेटीभर फिरवतो. वाटीवर एक जाड पत्रा आणि त्यावर चरबी निथळण्याचे उतरते ताट असते, म्हणून ज्वाला अन्नाला लागत नाही. आतल्या तापमापकाकडून नियंत्रकाला वर्दी मिळते आणि तो मळसूत्र किती फिरवायचे ते ठरवतो. थोडक्यात, ही लाकडावर चालणारी, पंखा लावलेली भट्टी आहे. सुरुवातीला सळई तापताना दोन-तीनशे वॉट वीज लागते आणि एकदा आग धरली, की एखाद्या बल्बाइतकी. पण वीज लागतेच. वीज गेली तर ही चूल विझते, हे कोळशाच्या शेगडीची सवय असलेल्यांनी ध्यानात ठेवावे.

आच टिकते का?

स्वस्त आणि महाग यंत्रांतला खरा फरक नियंत्रकात असतो. जुन्या पद्धतीचा नियंत्रक घड्याळावर चालतो. ठरावीक सेकंद मळसूत्र फिरवायचे, ठरावीक सेकंद थांबवायचे. काही यंत्रांत ‘पी’ अक्षराच्या पुढे आकडे असतात. आकडा वाढवला, की थांबण्याचा काळ वाढतो, धूर वाढतो आणि आग विझण्याचा धोकाही वाढतो. नव्या पद्धतीच्या नियंत्रकाला ‘पीआयडी’ म्हणतात. तो तापमान हवे त्यापासून किती दूर आहे, ते किती वेगाने बदलते आहे आणि आधी किती चूक साठली आहे, हे तिन्ही पाहून कांड्या सोडतो. जुन्या पद्धतीत पंचवीस-तीस फॅरेनहाइट अंशांचे हेलकावे सहज होतात. नव्या पद्धतीत ते पाच-दहा अंशांवर येतात. पीआयडी आता स्वस्त टप्प्यातही मिळू लागला आहे, म्हणून तो नसलेले यंत्र घेण्याचे काही कारण उरलेले नाही.

मात्र पाच अंशांच्या अचूकतेसाठी दोनशे डॉलर जास्त मोजणे हेही व्यर्थ आहे. दहा तास शिजणाऱ्या तुकड्याला पंधरा अंशांचे हेलकावे जाणवत नाहीत. सरासरी बरोबर असली की पुरे. खरी अडचण वेगळीच असते. पडद्यावरचा आकडा हा तापमापक जिथे बसवला आहे त्या जागेचा असतो, बहुधा एका भिंतीजवळचा. जाळीवर, जिथे अन्न आहे तिथे, तो तीस-चाळीस अंशांनी निराळा असू शकतो. वाटीच्या डोक्यावर कडक, कोपऱ्यांत मंद. नवे ग्रिल घरी आले, की एक सोपी चाचणी करावी. ते १७५ अंश सेल्सिअसवर तापवून जाळीभर पावाचे काप मांडावेत आणि काही मिनिटांनी उलटून पाहावेत. कुठे करपले आणि कुठे पांढरेच राहिले, त्यावरून यंत्राचा स्वभाव कळतो. शिवाय वीस-तीस डॉलरचा स्वतंत्र तापमापक जवळ असावाच. स्वस्त यंत्राबरोबर येणाऱ्या सळईवर डोळे मिटून विसंबू नये.

दुसरी पारख लोखंडाची. झाकण हाताने उचलून पाहावे. ते हलके, थरथरणारे असेल आणि मिटल्यावर फट राहत असेल, तर थंडीवाऱ्यात हे यंत्र कांड्या खात सुटणार. मिशिगन किंवा मॅसॅच्युसेट्सच्या हिवाळ्यात पातळ पत्र्याचे ग्रिल उन्हाळ्याच्या दुप्पट जळण घेऊ शकते. दुहेरी पत्रा असेल तर उत्तम, नसेल तर वरून घालायचे उष्णतारोधक आवरण मिळते का ते विचारावे. यंत्राचे वजन हाही एक प्रामाणिक साक्षीदार आहे. ट्रेगरचे २०१९मध्ये आठशे डॉलरला आलेले प्रो ५७५ हे वाय-फाय ग्रिल सुमारे ५६ किलोचे होते. त्या आकाराचे दुसरे यंत्र चाळीस किलोंत भरत असेल, तर पत्रा कुठे तरी वाचवलेला आहे. प्रो ५७५ची आणखी दोन मापे तुलनेसाठी उपयोगी पडतात : ५७५ चौरस इंचांची जाळी आणि १८ पौंड, म्हणजे आठ किलोंहून थोड्या अधिक कांड्या मावणारी पेटी. चार-सहा माणसांच्या घराला आणि एका रात्रीच्या शिजवण्याला एवढे पुरते. हजार चौरस इंचांची जाळी जाहिरातीत शोभते. घरात ती वर्षातून दोनदा भरते आणि बाकी सगळे दिवस ती रिकामी तापवण्याचा खर्च आपण भरतो.

नाव मोठे म्हणून यंत्र चांगले, असेही नाही. वेबरसारख्या शेगड्यांच्या जुन्या कंपनीने २०२०मध्ये ‘स्मोकफायर’ हे पेलेट ग्रिल आणले, तेव्हा सुरुवातीच्या यंत्रांत चरबी पेट घेण्याच्या आणि पेटीत कांड्या अडकून राहण्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या. कंपनीने दुरुस्त्या केल्या आणि २०२४मध्ये ‘सीअरवुड’ हे निराळ्या रचनेचे यंत्र बाजारात आणले. नव्या यंत्राचा पहिला हंगाम दुसऱ्यांना काढू द्यावा, हा सल्ला मोटारगाड्यांना लागू आहे तसा ग्रिललाही.

वाय-फायचे खरे काम

आता मोबाइलकडे वळू. घराबाहेर न पडता तापमान बदलता येणे ही सोय आहे, पण ती पहिल्या महिन्यात नवलाईची आणि नंतर सवयीची होते. तिचे मोल खरोखर कळते ते पहाटे तीन वाजता.

रात्री मांस चुलीत ठेवून घर झोपले आहे. कांड्या पेटीच्या कडांना अडकून मध्ये पोकळी झाली, किंवा वाटीत राख साचून आग गुदमरली. आच विझते. चूल हळूहळू निवते. सकाळी सातला यजमान उठतो तेव्हा मांस कोमट झालेले असते आणि ते किती वेळ तसे होते, हे त्याला सांगता येत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमाप्रमाणे ४ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतू झपाट्याने वाढण्याचा पट्टा आहे आणि शिजवलेले अन्न त्यात दोन तासांपेक्षा जास्त राहिले तर टाकून द्यावे. पुन्हा तापवून भागत नाही, कारण काही जंतूंची विषे उष्णतेने नष्ट होत नाहीत. म्हणजे पन्नास-साठ डॉलरचे मांस कचऱ्यात, किंवा त्याहून वाईट, ते वीस पाहुण्यांच्या पोटात. वाय-फायची गरज इथे आहे. तापमान ठरावीक आकड्याखाली गेले की मोबाइलने ओरडून उठवले पाहिजे. विकत घेण्यापूर्वी विचारायचा प्रश्न हा, की सूचना कोणत्या गोष्टींची येते? मांस शिजल्याची सूचना सगळेच देतात. आग विझल्याची आणि पेटीतल्या कांड्या संपत आल्याची सूचना सगळे देत नाहीत. आणि रात्री फोन मुका करून झोपण्याची सवय असेल, तर या सूचनेला त्यातून वगळून ठेवायला विसरू नये.

जोडणीच्या तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते. ही यंत्रे बहुतांशी वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ या जुन्या पट्ट्यावरच बोलतात. तो पट्टा भिंतींतून लांबवर पोहोचतो, म्हणून तो निवडलेला असतो. घरातला फोन मात्र ५ गिगाहर्ट्‌झवर असतो आणि नव्या राउटरमध्ये दोन्ही पट्टे एकाच नावाखाली लपलेले असतात. मग जोडणी होत नाही आणि दोष ग्रिलला मिळतो. जोडणीपुरता ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा बंद ठेवला, की बहुधा काम होते. परसात जिथे ग्रिल ठेवायचे तिथे फोन घेऊन जावे आणि सिग्नल किती दांड्या दाखवतो ते आधीच पाहावे. तिथे फोनलाच सिग्नल मिळत नसेल, तर लोखंडी पेटीतल्या अँटेनाला तो कुठून मिळणार?

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. मोबाइलवरची आज्ञा बहुतेक वेळा थेट ग्रिलकडे जात नाही. ती आधी कंपनीच्या दूरवरच्या संगणकावर जाते आणि तिथून आपल्या परसात येते. कंपनीने ती सेवा थांबवली किंवा इंटरनेट बंद पडले, तर मोबाइलवरचे चित्र मुके होते. म्हणून नुसत्या खटक्याने किंवा चकतीने, इंटरनेटशिवाय, संपूर्ण ग्रिल चालवता येते ना, याची खात्री करावी. ग्रीन माउंटनच्या यंत्रांत ग्रिलनेच स्वतःचे छोटे वाय-फाय निर्माण करून फोनशी थेट बोलण्याची सोय आहे. तळावर नेण्याचे त्यांचे छोटे ग्रिल तर मोटारीच्या १२ व्होल्टच्या विजेवरही चालते. ही दूरदृष्टी इतरांनी घ्यावी अशी आहे. सुरक्षेचा मुद्दाही काल्पनिक नाही. २०२४मध्ये बिशप फॉक्स या संगणक-सुरक्षा संस्थेने ट्रेगरच्या एका वाय-फाय नियंत्रकातली त्रुटी जाहीर केली. ग्रिलचा ओळखक्रमांक हाती आला, तर परक्या माणसाला चालू ग्रिलचे तापमान बदलता येत होते किंवा ते बंद करता येत होते. कंपनीने इंटरनेटवरूनच दुरुस्ती पाठवली. ज्या उत्पादकाकडून अशा दुरुस्त्या येत नाहीत, त्याचे वाय-फाय यंत्र न घेतलेलेच बरे.

दुरून ग्रिल पेटवण्याची हौस मात्र बाळगू नये. झाकणावर आच्छादन असेल, आत कालची चरबी असेल, वाटीत न जळलेल्या कांड्यांचा ढीग असेल. मोबाइलला यातले काहीच दिसत नाही. वाटी भरलेली असताना पुन्हा पेटवले तर आधी दाट पांढरा धूर कोंडतो आणि मग तो एकदम भडकून झाकण उडवू शकतो. आग विझली असेल तर यंत्र बंद करून निवू द्यावे, वाटी रिकामी करावी आणि मगच पेटवावे.

धूर थोडा, आच मर्यादित

पेलेट ग्रिलविषयी जुन्या खवय्यांची तक्रार अशी, की याला धुराची चव कमी. तक्रार खरी आहे. पंख्यामुळे लाकूड इतके स्वच्छ जळते, की दाट धूर होतच नाही. ऑस्टिनच्या नामांकित भट्ट्यांत ओकच्या ओंडक्यांवर जो गंध चढतो, तो इथे येणार नाही. पण पहिल्यांदाच खाणाऱ्या पाहुण्यांना, विशेषतः आपल्या मसाल्यांची सवय असलेल्यांना, हा सौम्य धूर अधिक मानवतो असे म्हणायला जागा आहे. मसाला आणि धूर यांची झटापट होत नाही. ज्यांना अधिक हवा त्यांच्यासाठी उपाय स्वस्त आहे. भोके पाडलेली पोलादी नळी कांड्यांनी भरून एका टोकाला पेटवावी आणि जाळीवर ठेवावी. ती चार-पाच तास धुमसत राहते. महागड्या यंत्रातल्या ‘जादा धूर’ या बटणापेक्षा या पंधरा-वीस डॉलरच्या नळीने अधिक काम होते.

आचेची मर्यादा अधिक गंभीर आहे. या टप्प्यातली बहुतेक ग्रिल २६० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ५०० फॅरेनहाइटच्या वर जात नाहीत आणि तीही आच थेट नसते. तंदूर चारशे अंशांच्याही वर जातो. त्यामुळे तंदुरी कोंबडीच्या कडांना येणारे काळे डाग, टिक्क्याची करपलेली खमंग कड, वांग्याची फुटलेली साल यांची अपेक्षा इथे ठेवू नये. कोंबडी उत्तम शिजेल, रसाळ राहील, पण तंदुरी होणार नाही. पिट बॉसच्या अनेक यंत्रांत वाटीवरचा पत्रा सरकवून ज्वाला उघडी करता येते. ज्यांच्या घरात टिक्का हाच मुख्य पदार्थ आहे, त्यांनी ही सोय वाय-फायच्या आधी पाहावी. कोंबडीच्या बाबतीत आतले तापमान ७४ अंशांपर्यंत गेलेच पाहिजे. धुराने मांस गुलाबी दिसते, म्हणून रंगावरून कच्चे-पक्के ठरवता येत नाही.

जळणाचा हिशेब सोपा आहे. मंद आचेवर तासाला अर्धा ते एक किलोच्या आत, कडक आचेवर किलो-सव्वा किलो. नऊ किलोंची पिशवी वीस डॉलरच्या आसपास मिळते. म्हणजे रात्रभराच्या शिजवण्याला दहा-बारा डॉलर. पिशवीवर ‘हिकरी’ किंवा ‘मेस्किट’ लिहिले असले तरी आत बरेचदा मुख्य लाकूड ओक किंवा ऑल्डर असते आणि नावाचे लाकूड थोडे. बारीक अक्षरे वाचावीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कांड्या कोरड्या ठेवाव्यात. ओल लागली की कांडी फुगून पुन्हा भुसा होते आणि तो भुसा मळसूत्रात सिमेंटसारखा घट्ट बसतो. पावसाळी हवेच्या गावात पेटीत कांड्या तशाच ठेवून महिनाभर ग्रिल झाकून ठेवणे, हे यंत्र बिघडवण्याचे हमखास साधन आहे. झाकण घट्ट बसणारी बादली घ्यावी.

दर चार-पाच वापरांनंतर वाटीतली राख काढावी, ताटावरची चरबी खरवडावी, तापमापकाची सळई पुसावी. कॅम्प शेफच्या यंत्रांत खालून एक दांडी ओढली की राख डब्यात पडते. बाकीच्यांत सगळे भाग उचलून राख काढायच्या झोतयंत्राने वाटी साफ करावी लागते आणि म्हणूनच ती कुणी करत नाही. बिघडते ते बहुधा पेटवणारी सळई. ती वीस-तीस डॉलरला मिळते आणि पान्याने बदलता येते. सुटे भाग सहज मिळतात की नाही, हे हमीपत्रातल्या वर्षांच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे. त्या पत्रात रंग उडणे आणि गंज यांना बहुधा वगळलेले असते आणि स्वस्त यंत्र मरते ते गंजानेच.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी खरेदीआधी भाडेकरार काढून वाचावा. अमेरिकेत अनेक ठिकाणी लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेनुसार, सदनिकांच्या ज्वलनशील सज्जांवर आणि अशा बांधकामापासून दहा फुटांच्या आत उघड्या ज्वालेची शेगडी वापरता येत नाही. पाण्याचे स्वयंचलित फवारे बसवलेल्या इमारती आणि एक-दोन कुटुंबांची घरे यांना त्यात सूट आहे. वाय-फाय आहे आणि ज्वाला झाकलेली आहे, हा युक्तिवाद घरमालकापुढे टिकत नाही. स्वतःच्या घरातही गॅरेजमध्ये, अगदी दार उघडे ठेवूनसुद्धा, ग्रिल पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि रोज धुरावलेले मांस खाणाऱ्यांसाठी एक नोंद : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवले, त्या प्रक्रियांत धुरावण्याचाही समावेश आहे.

मायदेशी परतताना हे यंत्र सामानात घालण्याचा विचार काहींच्या मनात येतो. अमेरिकेतले ग्रिल १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झच्या विजेसाठी बनवलेले असते. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ. साध्या रूपांतरकाने व्होल्ट उतरतात, हर्ट्‌झ बदलत नाहीत. ज्या स्वस्त यंत्रांत मळसूत्राची मोटार थेट घरच्या विजेवर फिरते, तिथे ती मंद पडते, कांड्या कमी पडतात आणि नियंत्रकाचे सगळे गणित चुकते. शिवाय आपल्याकडे बॉयलरसाठी ज्या पेलेट विकल्या जातात त्या शेतातल्या काडीकचऱ्याच्या आणि मिश्र भुशाच्या असतात. त्यात रंग लावलेले किंवा प्लायवुडचे लाकूड नसेल याची हमी नसते. त्यांच्या धुरात अन्न ठेवू नये.